सोलापूरहून विमानाने: अंतर किती, वेळ किती, हिशोब आपला आपणच कसा करायचा

९ जून २०२५ ला सोलापूर-गोवा विमान सुरू झालं, त्या आठवड्यात मामा मोबाईल हातात धरूनच घरी आले. "गोवा सरळ रेषेत तीनशे किलोमीटर दाखवतंय. विमान ताशी पाचशेनं जातं म्हणतात. म्हणजे छत्तीस मिनिटं. तेवढ्यात तर मी गाडीनं मोहोळ गाठतो. मग इथं सव्वा तास कसला लिहिलाय? उरलेला वेळ वर घिरट्या घालतात का ओ?"

मामांचा भागाकार बरोबर होता. पण जवळच्या दोन विमानतळांमधल्या प्रवासात नुसत्या भागाकारानं अर्धंच उत्तर मिळतं. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईचंही विमान सुरू झालं आणि तोच प्रश्न गल्लीतल्या चार जणांनी विचारला. म्हणून सगळा हिशोब इथे नीट मांडतोय. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय आठवत असेल आणि फोनमध्ये कॅल्क्युलेटर असेल तर पुरे.

आधी विमानतळ नक्की करा

ही पायरी फालतू वाटते, पण निम्म्या चुका इथेच होतात. शहराचं नाव म्हणजे विमानतळ नव्हे. गोव्यात दोन आहेत: दक्षिणेकडे वास्कोजवळचा दाबोळी आणि उत्तरेला पेडणे तालुक्यात मोपा. दाबोळीचा कोड जीओआय, मोप्याचा जीओएक्स. सोलापूरचं विमान मोप्याला जातं. हिशोबात दाबोळी धरलात तर हवाई अंतर तीसेक किलोमीटरनं वाढतं. कुणी तुमची वाट पाहत दाबोळीला उभं राहिलं तर मात्र पंचाईत त्याहून मोठी.

मुंबईचंही आता तसंच आहे. सांताक्रूझ-अंधेरीचा जुना विमानतळ एक आणि डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेला नवी मुंबईचा दुसरा. सोलापूरपासून हवाई अंतर मोजलं तर नवी मुंबई वीस-बावीस किलोमीटर जवळ पडते. विमानाला त्यानं दोन मिनिटांचा फरक पडतो. पण तुम्हाला बोरिवलीला जायचं असेल तर जमिनीवर तासाभराचा पडतो. म्हणून तिकिटावर शहराचं नाव न वाचता तीन अक्षरी कोड वाचायची सवय लावा. आपला कोड एसएसई.

सोलापूरचा विमानतळ होटगी रोडवर आहे. बोरामणीच्या नियोजित विमानतळाचं नाव अनेक वर्षं ऐकू येतंय, पण आज विमानं उडतात ती होटगी रोडवरूनच. नव्या टर्मिनलचं उद्‌घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं. त्याआधी जून २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली, तो वाद गावात कुणाला सांगायची गरज नाही. मात्र विमान उतरतानाचा मार्ग मोकळा असणं म्हणजे काय, हे त्या चिमणीनं सगळ्या सोलापूरला शिकवलं.

अक्षांश-रेखांश मिळवा

फोनवर गूगल मॅप्स उघडा, विमानतळ शोधा आणि धावपट्टीच्या मध्यावर बोट दाबून धरा. लाल पिन पडते आणि दोन दशांश आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. दशांशानंतर दोन अंक घेतले तरी पुरतं, कारण ०.०१ अंश म्हणजे एखादा किलोमीटर, आणि आपल्याला त्याहून बारीक काही नको.

माझे आकडे असे: सोलापूर १७.६३ उत्तर, ७५.९३ पूर्व. मोपा १५.७४ आणि ७३.८६. मुंबईचा जुना विमानतळ १९.०९ आणि ७२.८७. बेंगळुरू १३.२० आणि ७७.७१.

इथे एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलोय. बऱ्याच ठिकाणी हे आकडे अंश-कला-विकलांमध्ये दिलेले असतात: १७ अंश ३७ कला, ७५ अंश ५६ कला. मी घाईत ते १७.३७ आणि ७५.५६ असे लिहून मोकळा झालो. पण एका अंशाच्या कला असतात ६०, शंभर नव्हेत. ३७ ला ६० नं भागलं की ०.६२ येतात, ५६ ला भागलं की ०.९३. माझ्या चुकीमुळे कागदावर आपला विमानतळ नैऋत्येला जवळजवळ पन्नास किलोमीटर सरकला आणि विमान मंगळवेढ्याच्या बाजूला मालदांडी ज्वारीत उतरलं. उत्तर विचित्र आलं की सगळ्यात आधी हेच तपासा.

अंतर काढा

उत्तर-दक्षिण दिशेत एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, कुठेही जा. पूर्व-पश्चिम दिशेत तसं नाही. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर सर्वांत लांब-लांब असतात आणि ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात. खरं गणित करायचं तर १११ ला अक्षांशाच्या कोसाइननं गुणावं लागतं. पण आपल्या भागापुरती एक सोय आहे, ती पाठ करून ठेवा: १५ अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १०७ किलोमीटर, १७ वर १०६, १९ वर १०५, २१ वर १०४. गोव्यापासून नागपूरपर्यंतचा सगळा मुलूख एवढ्यात बसतो. दोन विमानतळांच्या मधला अक्षांश बघायचा आणि त्याजवळचा आकडा उचलायचा.

आता सोलापूर-मोपा करून बघू. अक्षांशातला फरक: १७.६३ वजा १५.७४ म्हणजे १.८९. गुणिले १११, म्हणजे २१० किलोमीटर दक्षिणेला. रेखांशातला फरक: ७५.९३ वजा ७३.८६ म्हणजे २.०७. मधला अक्षांश साधारण १६.७, म्हणून १०६ नं गुणायचं. २१९ किलोमीटर पश्चिमेला. या झाल्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. २१० चा वर्ग ४४,१०० आणि २१९ चा वर्ग ४७,९६१. बेरीज ९२,०६१. वर्गमूळ ३०३. सोलापूर ते मोपा हवाई अंतर ३०३ किलोमीटर.

पृथ्वी गोल आहे आणि आपण ती सपाट धरली, हे खरं. पण एवढ्या अंतरावर त्यानं एखाद-दुसऱ्या किलोमीटरचाच फरक पडतो. दिल्ली किंवा गुवाहाटीचा हिशोब करायचा असेल तर मात्र ही युक्ती वापरू नका, तिथे गोलाकार अंतराचं सूत्रच लागतं.

मुंबई तुम्ही करून बघा. उत्तरेला १६२, पश्चिमेला ३२१, उत्तर ३६०. बेंगळुरू ५२७ येतं.

ताळा पाहायचा असेल तर त्याच गूगल मॅप्समध्ये पिन टाकून खालची माहिती वर ओढा, "अंतर मोजा" असा पर्याय असतो. नकाशा दुसऱ्या विमानतळावर सरकवला की सरळ रेषेतलं अंतर दिसतं. आता कुणी म्हणेल, मग एवढी गुणाकार-वर्गमुळं कशाला? तर दिशेसाठी. २१० दक्षिणेला आणि २१९ पश्चिमेला हे कळलं की गोवा आपल्या बरोबर नैऋत्येला आहे हे कळतं, आणि दिशा पुढे वेळेच्या हिशोबात लागते.

विमानवाल्या लोकांच्या तोंडी अंतर नॉटिकल मैलात असतं. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तो आकडा असा आडमुठा का, तर अक्षांशाच्या एका कलेएवढं ते अंतर आहे म्हणून. ३०३ किलोमीटर म्हणजे १६४ नॉटिकल मैल. वैमानिकानं घोषणेत "नॉट्स" म्हटलं तर तेवढे नॉटिकल मैल ताशी.

एक मोह टाळा: रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या अंतरावरून हवाई अंतराचा अंदाज बांधण्याचा. मुंबईला रेल्वेनं ४५५ किलोमीटर आणि हवेतून ३६०, म्हणजे सव्वापट. पण पुण्याला रस्त्यानं अडीचशे आणि हवेतून २३७. सोलापूर-पुणे महामार्ग भीमेच्या सपाट खोऱ्यातून जवळजवळ सरळ गेलाय, म्हणून तिथे फरकच उरत नाही. घाट, नदी, वळसे प्रत्येक वाटेवर वेगळे, तेव्हा ठरावीक भागाकार चालत नाही.

आता वेळ, म्हणजे मामांचा प्रश्न

तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसते. विमान जागेवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहीपर्यंतची ती वेळ. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात, कारण चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा हिशोब. त्यात धावपट्टीपर्यंत चालत जाणं आहे, चढणं आहे, सरळ उडणं आहे, उतरणं आहे आणि पुन्हा चालत थांब्यापर्यंत येणं आहे. पूर्ण वेग फक्त मधल्या तुकड्यात मिळतो.

म्हणून असा हिशोब करा. अंतराला विमानाच्या सरळ उड्डाणाच्या वेगानं भागा. त्यात चढण्या-उतरण्यासाठी पंधरा मिनिटं मिळवा. मग जमिनीवरच्या चालीसाठी लहान विमानतळाला पाच आणि मोठ्याला दहा ते पंधरा मिनिटं मिळवा.

वेग विमानावर ठरतो. गोव्याला जातं ते एटीआर ७२, पंख्याचं विमान. त्याचा जास्तीत जास्त वेग ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास, पण हिशोबाला मी ४८० धरतो. जेट विमानं ताशी आठशेच्या पुढे जाऊ शकतात. आखूड प्रवासात त्यांना तेवढी उंची आणि तेवढा वेग गाठायला सवडच नसते, म्हणून तिथे ७५० धरा आणि चढ-उताराला पंधराऐवजी अठरा मिनिटं द्या.

गोवा: ३०३ भागिले ४८० म्हणजे ३८ मिनिटं. अधिक १५, झाली ५३. सोलापुरात ५, मोप्याला ८. एकूण ६६. कंपन्या वेळापत्रकात थोडी ढिलाई ठेवतात, म्हणून ७० ते ८० मिनिटं दिसतात. घिरट्या कुणी घालत नाही, मामा.

मुंबई, जेटनं: ३६० भागिले ७५० म्हणजे २९ मिनिटं. अधिक १८, अधिक सोलापूरचे ५, अधिक मुंबईचे १५. झाली ६७. म्हणजे अंतर ५७ किलोमीटरनं जास्त, विमान दीडपट वेगवान, आणि वेळ एका मिनिटानं वेगळी! बेंगळुरू ५२७ किलोमीटर, मुंबईच्या जवळजवळ दीडपट. हिशोब केला तर ८० मिनिटं येतात, मुंबईपेक्षा अवघी तेरा जास्त.

छोट्या विमानतळांच्या प्रवासात ध्यानात ठेवायची गोष्ट ही. इथे पंचवीस ते चाळीस मिनिटं ठरलेलीच आहेत, अंतर कितीही असो. एसटीनं गेलात तर अंतर अर्धं झालं की वेळही साधारण अर्धी होते. विमानात तसं होत नाही. त्यामुळे दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या आतलं विमान हा माझ्या मते हौसेचा मामला. सोलापूर-पुणे विमान हवं म्हणून कुणी निवेदन घेऊन आलं तर मी सही करणार नाही. "उडान" योजना २०१६ मध्ये आली तेव्हा पाचशे किलोमीटर किंवा तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये असा भाडेमर्यादेचा हिशोब सांगितला गेला. पाचशे आणि एक तास हे दोन आकडे एकत्र का, हे वर दिलेल्या एटीआरच्या वेगावरून कळतं.

वारा आणि धावपट्टी

हिशोबात पाच-सात मिनिटं इकडे-तिकडे होतात, त्याची दोन मुख्य कारणं.

पहिलं वारा. विमान हवेच्या मानानं ताशी ४८० नं जातं. हवाच तुमच्या दिशेनं ४० नं सरकत असेल तर जमिनीच्या मानानं ५२०, समोरून येत असेल तर ४४०. मोप्याच्या ३०३ किलोमीटरला पहिल्या वाऱ्यात ३५ मिनिटं लागतात आणि दुसऱ्यात ४१. पावसाळ्यात खालच्या थरात वारं पश्चिमेकडून येतं, हिवाळ्यात उंचावरचं वारंही बहुधा पश्चिमेचंच. म्हणून गोवा किंवा मुंबईहून सोलापूरला येताना विमान लवकर पोचलं आणि जाताना रेंगाळलं, तर वैमानिकाला दोष देऊ नका.

दुसरं कारण धावपट्टी. आपल्या धावपट्टीचं नाव १५/३३. हे आकडे म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य काढून: १५० आणि ३३०. म्हणजे धावपट्टी आग्नेय-वायव्य पडलीय. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडतं. मुंबई आपल्यापासून सुमारे २९७ अंशांवर, म्हणजे पश्चिमेच्या थोडी उत्तरेला. वाऱ्यामुळे विमान वायव्येकडे तोंड करून उडालं तर जेमतेम ३३ अंश डावीकडे वळायचं, की मुंबईची वाट. आग्नेयेकडे उडालं तर आधी मुंबईकडे पाठ, मग जवळजवळ पूर्ण वळण, दोन-तीन मिनिटं त्यातच गेली. खिडकीत बसलात आणि मुंबईला निघालेलं विमान अक्कलकोटकडे का चाललंय असं वाटलं तर कारण हे.

मुंबईला शेवटच्या टप्प्यात गर्दी हा वेगळा प्रकार. जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. रांग लागली की विमानाला वरच थांबवतात. तर मामा, घिरट्या घालतात, पण त्या मुंबईवर.

उन्हाळ्याचीही एक गोष्ट. पारा ४३ वर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि लहान धावपट्टीवरून तेवढंच वजन उचलणं जड जातं. मे महिन्यात निवड करायची वेळ आली तर सकाळचं विमान घ्या. हवेतले धक्केही सकाळी कमी बसतात.

दारापासून दारापर्यंत

आता तिकिटावरची वेळ बाजूला ठेवा आणि कागदावर पाच आकडे लिहा: घर ते विमानतळ, विमानतळावरची आगाऊ वेळ, ब्लॉक टाइम, उतरून बाहेर येण्याची वेळ आणि तिथून मुक्कामापर्यंतची वेळ.

जुळे सोलापूरहून पणजीला जायचंय असं धरू. विमानतळापर्यंत वीस मिनिटं. आपला विमानतळ लहान आहे, रांगा फार नसतात, तरी तिथं दीड तास आधी पोचा, कारण बहुतेक कंपन्यांचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो आणि मग विनवण्या चालत नाहीत. विमान ७० मिनिटं. बाहेर यायला वीस. मोपा ते पणजी पस्तीसेक किलोमीटर, एक तास धरा. बेरीज २६० मिनिटं, म्हणजे चार तास वीस मिनिटं. गाडीनं विजापूर-बेळगाववरून अंतर चारशेच्या घरात, आठ-नऊ तास सहज जातात. इथे विमान खरोखर जिंकतं.

तोच कागद मुंबईसाठी. वीस, नव्वद, सत्तर, मग सामान घेऊन बाहेर यायला तीस आणि तिथून दादरला पन्नास. पुन्हा २६० मिनिटं! वंदे भारतला सोलापूरहून मुंबईला साडेसहा तास. घर-स्टेशनची धावपळ धरून फरक अडीच तासांचा. पण सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री निघून सकाळी मुंबईत सोडते आणि दिवस वाया जात नाही. ज्याला गाडीत झोप लागते त्याच्या दृष्टीनं सगळ्यात वेगवान वाहन अजूनही सिद्धेश्वरच, असं मला वाटतं. मंत्रालयात दुपारचं काम असेल, म्हातारं माणूस सोबत असेल किंवा दवाखान्याची तारीख असेल तर गोष्ट वेगळी.

पुढचं विमान धरायचं असेल तर

सोलापूरहून मुंबई आणि तिथून दिल्ली किंवा दुबई, असा बेत असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर मिळतात का ते आधी पाहा. एकाच तिकिटावर असतील तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकल्याची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी काढली असतील तर ती तुमची. तेव्हा दोन विमानांत देशांतर्गत प्रवासाला किमान तीन तास ठेवा, परदेशाला पाच. मुंबईत टर्मिनल एक आणि दोन यांच्यात रस्त्यानं जावं लागतं, ती वेळही धरा. परतीला उलट विचार करा: सोलापूरला येणारं विमान दिवसातून एखादंच. ते चुकलं तर तासाभरानं दुसरं नाही, तुम्ही थेट दादरला रेल्वेच्या रांगेत.

तिकीट काढायच्या आधी वारही तपासा. छोट्या मार्गांवर विमान रोज असेलच असं नाही. सोमवारी जाऊन मंगळवारी परतायचं ठरवलं आणि मंगळवारी विमानच नाही, असं माझ्या एका मित्राचं झालं. मग वेळेचा सगळा हिशोब एका दिवसानं चुकला.

वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या तारखांच्या पलीकडचं तिकीट आधी काढून ठेवलं असेल तर आठवडाभर आधी वेळ पुन्हा बघा. अंतर तेच राहतं, पण विमान बदललं तर भागाकारातला वेग बदलतो.

मामांना हा सगळा कागद करून दिला. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला, घडी करून खिशात घातला आणि विचारलं, "शेंगाचटणी किती किलो नेऊ देतात, ते यात कुठं लिहिलंय?" साधारण १५ किलो चेक-इनमध्ये आणि ७ किलो हातात, आपापल्या तिकिटावर बघून घ्या. चटणी चेक-इनच्या बॅगेतच टाका.